एल पट्टीवरची रात्र

आमचं चॅनेल कसलं, असं योकोहामात कुणालाही विचारा. दुपारी टेलिशॉपिंग, संध्याकाळी जुन्या मालिका आणि जुलैत शाळांचं बेसबॉल, हेच उत्तर मिळेल. खोटं नाही ते. टोकियोच्या बड्या खासगी वाहिन्यांचा परवाना टोकियो आणि आजूबाजूचे सहा प्रांत मिळून असतो. त्यांच्या जाळ्यात नसलेली, बहुतेक एकेका प्रांतापुरती चालणारी स्वतंत्र स्टेशनं जपानभरात १३ आहेत. त्यांना वरून ना तयार कार्यक्रम मिळत, ना जाहिरातींचा वाटा. मग गाद्या आणि व्हॅक्यूम क्लीनर विकण्यावाचून गत्यंतर काय? पुण्यात जपानी शिकून मी अशाच एका स्टेशनात ग्राफिक्सच्या टेबलावर येऊन बसले, तेव्हा माझाही थोडा हिरमोडच झाला होता.

१२ ऑक्टोबर २०१९, शनिवार. जपानच्या मोजणीतलं त्या वर्षीचं १९ नंबरचं वादळ, हागिबिस, येणार होतं. रेल्वेनं आदल्या दिवशीच गाड्या बंद ठेवण्याचं जाहीर केल्यामुळे आम्ही शुक्रवारी रात्रीच मुक्कामाला आलो. बाकीच्यांनी ओनिगिरी म्हणजे भाताचे गोळे आणले, मी चिवडा. सकाळपर्यंत चिवड्याचा डबा रिकामा.

अशा वेळी आमचं काम म्हणजे ‘एल’. चालू कार्यक्रमाचं चित्र लहान करून कोपऱ्यात सरकवायचं आणि डावीकडे व खाली उरलेल्या इंग्रजी एल आकाराच्या पट्टीत सूचना फिरवायच्या. जाहिरात लागली की पट्टी काढायची, संपली की पुन्हा लावायची. ऐकायला सोपं आहे. पण प्रत्येक ओळ टाइप झाल्यावर एकानं मोठ्यानं वाचायची आणि दुसऱ्यानं प्रांत कार्यालयाच्या कागदावर बोट ठेवून ताडायची, मगच ती ऑन एअर. अत्सुगी, एबिना, झामा, सामुकावा, हिरात्सुका, चिगासाकी. शनिवारभर सागामी नदीकाठच्या गावांची ही नावं इतक्यांदा म्हटली की रामरक्षेसारखी तोंडात बसली.

दुपारी साडेतीनला हवामान खात्यानं आमच्या कानागावासह सात प्रांतांना अतिवृष्टीचा विशेष इशारा दिला. म्हणजे सगळ्यात वरचा. आमच्याच प्रांतातल्या डोंगराळ हाकोनेत त्या एका दिवसात ९२२.५ मिलिमीटर पाऊस पडला, जपानच्या नोंदींतला विक्रम. पण आमचा जीव टांगणीला लावला तो शिरोयामा धरणानं. सागामी नदीवरचं हे धरण १९६५ सालचं. आत येईल तेवढं पाणी तसंच खाली सोडायची वेळ त्याच्यावर तोवर कधी आली नव्हती. संध्याकाळी ५ वाजता सोडणार, असा निरोप आला. ओळ वाचली, ताडली, लावली. पाचच्या आत दुसरा निरोप: तूर्तास लांबणीवर. ओळ बदलली. रात्री पुन्हा कागद आला, १० वाजता सोडणार.

टोकियोच्या चॅनेलांवर तेव्हा सात प्रांतांच्या बातम्या एकमेकींना ढकलत होत्या. त्यांना दोष देत नाही, एवढ्या मोठ्या मुलखात धरणाच्या वाट्याला एखादी ओळ येते, हेच खूप. पण सामुकावातल्या म्हाताऱ्या जोडप्याला निवाऱ्यासाठी कोणती शाळा उघडी आहे ते हवं असतं, आणि शाळांची नावं देण्याइतकी जागा आमच्याकडेच होती. छोट्या चॅनेलची खरी कमाई ती हीच, असं माझं मत आहे. एका गृहस्थांनी मात्र फोन करून तक्रार केली की पट्टी लावल्यामुळे गादीवाल्याचा नंबर इतका बारीक झालाय की वाचता येत नाही. शिफ्टच्या प्रमुखांनी फोनवरच कमरेत वाकून माफी मागितली आणि विचारलं, आपण नदीजवळ तर राहत नाही ना?

साडेनऊच्या सुमारास तेच प्रमुख हातात कागद घेऊन अक्षरशः धावत आले. जपानी ऑफिसात माणूस धावताना दिसला की समजावं. धरणातून पाणी सोडायला सुरुवात झाली होती, दहाची वेळ यायच्या अर्धा तास आधीच. ‘१० वाजता’ ही ओळ पट्टीवर फिरतच होती. अजून अर्धा तास आहे म्हणून कुणी घरात सामान आवरत बसलं असेल, या विचारानं माझ्या पोटात गोळा आला. एरवी वाचन शांतपणे चालतं. त्या वेळी मी ओरडूनच वाचलं, समोरच्यानंही ओरडूनच ‘बरोबर’ म्हटलं. तेवढ्यात जाहिरात सुरू झाली. हसऱ्या कुटुंबाची, करीच्या मसाल्याची. ती संपेपर्यंतचे सेकंद मी दात-ओठ खात मोजले.

मध्यरात्र उलटून गेल्यावर विसर्ग थांबला. ज्या महापुराची धास्ती होती तो खालच्या गावांत आला नाही. पण सागामिहाराच्या डोंगराळ भागात दरडी कोसळून माणसं गेली आणि कावासाकीत मुसाशी-कोसुगीच्या टोलेजंग इमारतीत तळघरातल्या वीजयंत्रणेत पाणी शिरलं. पन्नासाव्या मजल्याच्या आसपास राहणाऱ्यांवरही जिने चढायची पाळी आली.

रविवारी संध्याकाळी योकोहामाच्या स्टेडियममध्ये रग्बी विश्वचषकात जपाननं स्कॉटलंडला २८-२१ असं हरवलं. ते स्टेडियम त्सुरुमी नदीच्या पूरक्षेत्रात खांबांवर उभं आहे. आदल्या रात्री त्याच्या भोवती पाणी साठवलेलं, आणि दुसऱ्या दिवशी तिथे मॅच! सगळा देश ती बघत होता, अर्थात दुसऱ्या चॅनेलवर. आमच्या पट्टीत अजून निवारे आणि भिजलेला कचरा यांच्याच ओळी फिरत होत्या. मॅच ऐन रंगात असताना एका बाईंचा फोन आला: कावासाकीच्या नाकाहारा वॉर्डातला कचरा कुठे ठेवायचा ते पुन्हा दाखवाल का, लिहून घेईपर्यंत गेलं. पुढच्या फेरीत ती ओळ आम्ही सर्वांत वर घेतली, आणि जरा जास्त वेळ ठेवली.