खाडीतली बोट, पुण्यातला मी आणि १२ व्होल्टची बॅटरी : या हंगामातली नोंद

माझी २० फुटी फायबरची बोट आंजर्ल्याच्या खाडीत नांगरलेली असते. मी पुण्यात. दोन फेऱ्यांमध्ये तीन आठवडे सहज जातात. किनाऱ्यावरून वायर ओढण्याची सोय नाही, आणि पंख्याचा दांडा (शाफ्ट) बोटीतून बाहेर पडतो तिथल्या पाणी अडवणाऱ्या ग्लँडमधून थेंब थेंब पाणी येत असल्याने तळाचा पंप बंद ठेवता येत नाही. म्हणजे मी नसताना बॅटरी बोटीतच हवी आणि ती भरलेलीही हवी.

आधी गेल्या पावसाळ्यातलं सांगतो, कारण या वर्षीचं सगळं काम त्यातून आलं. बोट ओढून झापांनी शाकारली आणि बॅटरी ओळखीच्यांच्या खोपटात साध्या गॅरेजवाल्या चार्जरला लावून आलो. त्या चार्जरला ऑटो कट नव्हता. तीन आठवड्यांनी दार उघडलं तर सडक्या अंड्यांचा वास, बॅटरीची कूस फुगलेली, आणि तीन खणांत पाणी प्लेटांच्या खाली गेलेलं. शेजारीच डिझेलचा कॅन. जास्त चार्ज होणाऱ्या बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं की एक ठिणगी पुरते. चिमट्यांना हात लावला नाही. खोपटातलं बटणही दाबलं नाही, बाहेरच्या मीटरपाशी मेन पाडला. दार सताड उघडं टाकून तासभर लांब बसलो. हात थरथरत होते. बॅटरी भंगारात गेली.

२० सप्टेंबर. नवी ७० अँपिअर-अवरची बॅटरी बसवली. दोन दिवस बोटीवरच राहून पंप मोजला : २४ तासांत दोनदा लागतो, दर वेळी तीनेक मिनिटं. ४ अँपिअरने दिवसाला ०.४ अँपिअर-अवर. उकाड्यात बॅटरी आपली आपण उतरते ते धरून ०.६. म्हणजे तीन आठवड्यांत १२-१३. बॅटरी पुरेल, पण अर्धवट उतरून पडून राहिली की प्लेटांवर सल्फेट धरतं आणि तिची ताकद कायमची जाते. म्हणून २० वॉटचं सोलर पॅनल. चांगल्या उन्हात १ अँपिअरच्या आसपास, दिवसाला ४ अँपिअर-अवर मिळतात. ढगाळ दिवशी त्याचा पाचवा हिस्सा मिळाला तरी भागतं.

पॅनल थेट बॅटरीला जोडू नका. बिनभाराचं त्याचं व्होल्टेज २१-२२ असतं, भरलेली बॅटरी हळूहळू उकळत राहील. मध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरीला जाणारं व्होल्टेज आवरणारा डबा, हवाच. माझ्या कंट्रोलरला तापमानाचा सेन्सर नाही आणि दुपारी बॅटरीच्या पेटीत ४२ अंश भरले. २५ अंशांच्या वर दर अंशाला साधारण २४ मिलिव्होल्ट कमी करावे लागतात, म्हणून फ्लोट, म्हणजे भरलेली बॅटरी ज्या व्होल्टेजवर धरून ठेवतात ते, १३.७ व्होल्टवरून १३.३ वर आणलं. पेटीच्या झाकणाला वरच्या बाजूला भोकं पाडली, हायड्रोजन हलका असतो.

११ ऑक्टोबर. पहाटे ऊन यायच्या आत बॅटरीला मीटर लावला : १२.५ व्होल्ट. यायला हवे होते १२.७. वायरी तपासल्या, फ्यूज बघितला, काही सापडेना. उजाडल्यावर पॅनलकडे नजर गेली. कुरव पक्ष्यांनी ते बसायला धरलंय! दोन सेलवर पांढरा जाड ओघळ. ओल्या फडक्याने पुसला आणि करंट ०.३ वरून ०.९ वर गेला. सेल एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे थोडा भाग झाकला तरी अख्ख्या पॅनलला फटका बसतो. आता वर चार बोटांवर मासेमारीचा नायलॉन ताणलाय.

१ नोव्हेंबर. १२.७. पक्षी नाहीत.

मध्यंतरी परतीचा पाऊस झाला. मला त्याचीच धास्ती होती, पण हिशोब मांडला तर १०० मिलिमीटर पावसात बोटीत हजारेक लिटर पाणी साचतं आणि पंप ते अर्ध्या तासात उपसतो. खर्च २ अँपिअर-अवर. खरा धोका फ्लोट स्विचचा, म्हणजे पाणी चढलं की तरंगून पंप आपोआप चालू करणाऱ्या स्विचचा. त्यात पाचोळा किंवा जाळ्याचा तुकडा अडकून पंप चालूच राहिला तर नऊ तासांत अर्धी बॅटरी संपते. पॅनल कितीही मोठं लावा, रात्री ते काय करणार? आणि पंपाचा फ्यूजही उडत नाही, कारण करंट नेहमीचाच असतो. म्हणून स्विचभोवती बारीक जाळी बसवली, आणि बंदरावरच्या काकांना सांगून ठेवलंय, "पंपाचा आवाज थांबत नाही असं वाटलं तर रात्रीसुद्धा फोन करा." ते रोज ओहोटीला तिथूनच जातात.

वायरिंग असं : पंप आणि कंट्रोलर दोन्ही मुख्य स्विचच्या आधी, थेट बॅटरीवर, प्रत्येकाला वेगळा फ्यूज आणि तो बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात. बाकी सगळं मुख्य स्विचने बंद. तांब्याची वायर कथील चढवलेली घेतली, साधी वायर खाऱ्या हवेत आतून हिरवी होते. टोकांना पेट्रोलियम जेली.

पुढच्या पावसाळ्यात बॅटरी पुण्याला आणणार. काढताना आधी निगेटिव्ह. महिन्यातून एकदा तीन टप्प्यांच्या (बॅटरी भरत आली की करंट आपोआप कमी करणाऱ्या) चार्जरवर भरायची, मी घरात जागा असताना, गॅलरीत.