मुक्तिनाथची पायवाट आणि काली गंडकीचा वारा

नेपाळमध्ये तिबेटच्या सीमेलगत, मुस्तांग जिल्ह्यात मुक्तिनाथचं देऊळ आहे. देवळाच्या पायथ्यापर्यंत जीप जाते, तरी आम्ही जोमसोमपासून चालत गेलो. पाय धड असतील त्यानं चालतच जावं. खालचं पोखरा शहर ८२० मीटरवर, जोमसोम २,७०० च्या आसपास आणि मुक्तिनाथ ३,७०० च्या वर. एका दिवसात एवढं चढलं की डोकं ठणकतं, मळमळतं, दर्शनाचं भान राहत नाही. जोमसोमला एक मुक्काम आणि कागबेनीला दुसरा केला की अंगाला सवय होते.

जोमसोम ते कागबेनी दहाएक किलोमीटर, काली गंडकी नदीच्या कडेकडेनं. उजाडताच निघा. दहा-अकरानंतर वारा सुटतो. उन्हानं तिबेटचं पठार तापतं, तिथली हवा वर जाते आणि धौलागिरी-अन्नपूर्णेमधल्या दरीतून खालची हवा जोरानं खेचली जाते. जाताना हा वारा पाठीशी असतो, परतताना मात्र वाळू थेट डोळ्यांत. गॉगल आणि तोंडाला बांधायला उपरणं हवंच. जोमसोमची विमानंही याच वाऱ्यामुळे सकाळीच उडतात.

आपल्या देवघरातला शाळिग्राम याच पात्रातला. काळाभोर, गुळगुळीत, आकाराच्या मानानं जड गोटा. फुटला की आत बारीक कंगोऱ्यांचं चक्र दिसतं. ते अमोनाइट या समुद्री जीवाचं कवच, सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीचं. हिमालय उभा राहण्याआधी इथं टेथिस समुद्र होता. हातात तो ओला, गार गोटा धरून समोरची बर्फाची शिखरं पाहिली की समुद्र आणि विष्णू एकाच वेळी आठवतात. विकायला ठेवलेले बरेचसे तेल लावून काळे केलेले असतात. फडक्यानं पुसून बघा.

कागबेनीच्या संगमावर पिंडदान करतात. पुढची दहा-बारा किलोमीटरची चढण अंगावर येते. पावलं लहान टाका, बोलताना धाप लागली की थांबा.

देवळामागे १०८ धारा आहेत. पाणी बर्फाचं, फरशी निसरडी. स्नान ऊन आल्यावरच करा, धावू नका, कोरडे कपडे आधीच सोबतच्याकडे द्या. पहिल्या दहा धारांतच टाळू बधिर होते. देव एकच, आपण विष्णू म्हणतो, बौद्ध लोक अवलोकितेश्वर. खाली ज्वालामाईच्या गोंपात, म्हणजे बौद्ध मठात, वाकून जाळीतून पाहिलं की करंगळीएवढी निळी ज्योत दिसते. जमिनीतून येणाऱ्या वायूवर ती जळते, आणि तिच्याखाली पाणी वाहताना ऐकू येतं.