मांडू: आधी पाणी, मग महाल

मांडू म्हणजे मध्य प्रदेशातलं, माळव्याच्या सुलतानांची राजधानी असलेलं पठारावरचं किल्ल्याचं गाव. इंदूरहून ते सुमारे शंभर किलोमीटर. गाडीने धारमार्गे अडीच तास धरून चाला. बसने जायचं तर गंगवाल स्टँडवरून धार आणि तिथून पुढचे ३५ किलोमीटर दुसऱ्या बसने. परतीची शेवटची बस कधी सुटते, ते मांडूत उतरल्याउतरल्या विचारून ठेवा.

तारीख मात्र विचार करून ठरवा. पठारावर बारमाही नदी नाही. माळव्याच्या सुलतानांनी इथला पाण्याचा सगळा कारभार तलाव, बावड्या (पायऱ्यांच्या विहिरी) आणि पन्हळींवर चालवला. पश्चिमेचा मुंज तलाव आणि पूर्वेचा कपूर तलाव भरलेले असतील तरच त्यांच्या मधला जहाज महाल जहाज वाटतो. मे महिन्यात तो नुसती लांबलचक इमारत आहे. म्हणून सप्टेंबर उत्तम. ऑगस्टमध्ये हिरवाई जास्त, पण ढग इतके खाली उतरतात की पठाराच्या कड्यावरच्या रूपमती मंडपातून खालचं निमाडचं मैदान दिसतच नाही.

हवा स्वच्छ असेल तर आधी दक्षिण टोकाचा रूपमती मंडप करा, मग रेवाकुंड हा तलाव, माळव्याचा सुलतान बाजबहादूर याचा महाल आणि गावातली जामी मशीद. ढग असतील तर क्रम उलटा करा, दुपारपर्यंत बऱ्याचदा उघडतं. तिकिटं एकच नसतात: जहाज महालाचा परिसर, जामी मशीद आणि सुलतान होशंगशहाची कबर, आणि रूपमती मंडप यांची वेगवेगळी काढावी लागतात.

जहाज महालात गच्चीवर जाऊन फोटो काढून लोक खाली येतात आणि खरी गंमत राहून जाते. तिथली गोल गोल फिरणारी दगडी पन्हळ शोधा. वळणांमुळे पाण्याचा वेग मोडतो, गाळ खाली बसतो आणि हौदात निवळलेलं पाणी पडतं. शेजारी चंपा बावडी आहे. तिच्या तळघरातल्या खोल्या भर उन्हातही गार. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरतं, गुळगुळीत तळाची चप्पल अजिबात नको. गच्चीच्या कडेशी मुलांचा हात सोडू नका.

रस्त्याकडेची पिंपासारखी फुगलेली झाडं म्हणजे गोरखचिंच, मूळची आफ्रिकेची. पानं पावसाळ्यातच दिसतात, बाकी वर्षभर बरेच दिवस झाड वाळल्यासारखं उभं असतं. मेलं असं समजू नका. फळं विकायला असतात. आतला पांढरा, खडूसारखा गर चोखायचा, बी टाकायचं. अख्खं फळ घरी न्यायचं तर घ्या, टिकतं; फक्त कवच फोडायला हातोडी लागेल.

जेवणात दाल-पानिये. मक्याच्या पिठाचे हे गोळे पानात गुंडाळून गोवऱ्यांवर भाजतात, वेळ लागतो. ऑर्डर देऊन जामी मशीद आणि होशंगशहाची संगमरवरी कबर पाहून या. काकडा खोह ही खोल दरी परतीच्या वाटेवरच आहे. धबधबा असेल तर थांबा, पण गाडी वळणावर लावू नका.