रामबागेतले चार श्रोते

मी दृष्टिहीन प्रेक्षकांसाठी चित्रपटांचे ध्वनिवर्णन लिहिते. दोन संवादांच्या मध्ये जी मोकळी जागा सापडते, तेवढ्यात पडद्यावर काय घडते आहे हे सांगणारी वाक्ये बसवायची, असे या कामाचे स्वरूप आहे. तीन सेकंदांच्या जागेत मराठीत फार तर सहा-सात शब्द मावतात. त्यामुळे माझा बराचसा वेळ काय गाळायचे हे ठरवण्यात जातो. संहिता ध्वनिमुद्रणाला पाठवण्यापूर्वी मी ती काही दृष्टिहीन श्रोत्यांना ऐकवते. गेल्या पावसाळ्यात इंदूरच्या रामबागेत झालेली अशी एक चाचणी माझ्या मनातून जात नाही, कारण त्या दिवशी मध्यंतराच्या चहाला चाचणीचा चित्रपट बाजूला राहिला आणि श्रोते आपण अलीकडे पाहिलेल्या चित्रपटांविषयी मोकळेपणाने बोलू लागले.

श्रोते चौघे होते, आणि चौघेही इंदुरात पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या मराठी घरांतले. बँकेतून निवृत्त झालेले एक काका, काचबिंदूमुळे उतारवयात दृष्टी गेलेल्या संगीत शिक्षिका, ज्यांना आम्ही सगळे मावशी म्हणतो, एक तरुण फिजिओथेरपिस्ट आणि बी. ए. करणारी, जन्मापासून दृष्टी नसलेली मुलगी.

काकांनी ‘तुंबाड’पासून सुरुवात केली. २०१८ सालचा हा भयपट सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा ते भाच्याला घेऊन गेले होते. त्याच वर्षी मार्चमध्ये माहिती आणि प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांतील चित्रपट दृष्टिहीन आणि कर्णबधिर प्रेक्षकांना सुलभ व्हावेत यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली होती. परंतु काका गेले त्या ठिकाणी वर्णनाची काहीही सोय नव्हती. भाचा त्यांच्या कानाशी लागून सांगत होता आणि मागच्या रांगेतून त्याला गप्प बसण्याच्या सूचना येत होत्या. “पण ताई, खरी भीती मला त्याच्या बोलण्याने वाटलीच नाही,” काका म्हणाले. “तो स्वतः घाबरला की बोलायचा थांबे. तो थांबला की माझ्या अंगावर काटा येई.” भयपटाचे वर्णन कसे असावे याविषयी इतके नेमके मत मी कोणत्याही कार्यशाळेत ऐकलेले नाही. त्या चित्रपटात पाऊस जवळजवळ अखंड कोसळत असतो, आणि तो काकांना कोणी सांगावा लागला नाही. मात्र विहिरीखालच्या त्या गर्भात कणकेच्या बाहुल्यांचे काय होते, हे भाच्याने सांगितले नसते तर त्यांना कळण्याचा मार्ग नव्हता, कारण तिथला थरार संवादांतून उलगडत नाही. जे कानाला मिळते त्याला हात लावायचा नाही आणि जे मिळत नाही ते कथेला पुढे नेत असेल तेव्हाच सांगायचे, हे सूत्र मी नेहमी पाळत आले आहे; काकांच्या अनुभवाने ते मला अधिकच पटले.

‘लापता लेडीज’चा विषय त्या मुलीने काढला. सारख्या घुंघटांमुळे रेल्वेच्या डब्यात दोन नववधूंची अदलाबदल होते आणि नवरा भलत्याच मुलीला घरी आणतो, ही २०२४ च्या त्या चित्रपटाची कथा. सगळ्यांना तो हसू आणणारा वाटतो. तिला त्या नवऱ्याचा राग आला होता. “डब्यातून उतरताना त्याने तिला एकदा नाव विचारले असते, तर आवाजावरूनच कळले असते,” ती म्हणाली, “लग्न करून आणलेल्या मुलीचा आवाज ऐकावासा वाटू नये?” मावशींना मात्र त्यातले आवाजच फार आवडले होते. स्थानकावर टपरी चालवणाऱ्या मंजू माईच्या भूमिकेतील छाया कदम यांचा करकरीत सूर, आणि रवी किशन यांचा ठाणेदार तोंडात पान घेऊन बोलतो तेव्हा शब्दांना येणारा भरलेपणा, या दोहोंची नक्कल त्यांनी तिथेच करून दाखवली. एखाद्या पात्राचा स्वभाव अशा रीतीने आवाजात उतरलेला असला, की वर्णनकाराने त्याच्या चेहऱ्यावर एक शब्दही खर्च करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

फिजिओथेरपिस्टने ‘वाळवी’ची शिफारस केली. त्याचे संवाद इतके दाट आहेत की शेजारच्याला विचारायला उसंतच मिळत नाही, आणि त्याला तेच आवडले होते.

सर्वांत जास्त वेळ चालली ती ‘कोर्ट’वरची चर्चा. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात कॅमेरा पुष्कळदा एकाच जागी स्थिर असतो. जबाब, कलमे, तारखा सपाट आवाजात वाचल्या जातात. पाहणाऱ्यांपैकी अनेकांना तो संथ वाटतो. मावशींनी तो अलीकडेच घरी, मुलीच्या सोबतीने ऐकला होता, आणि न्यायालयात बसल्यासारखे वाटले, असे त्या म्हणाल्या. पण शेवटाकडे सुटी लागते, कोर्टाची खोली रिकामी होते, दिवे मालवले जातात आणि पडदा काही वेळ काळा राहतो. “मुलगी म्हणाली, अंधार झाला. मग काहीच नाही. मला वाटले, चित्रपट संपला,” मावशींनी सांगितले. काकांचे म्हणणे पडले की अंधार चालू आहे हे पुन्हा सांगायला हवे होते. बी. ए. करणारी मुलगी ठाम होती: बघणाऱ्यालाही तेव्हा संपल्यासारखेच वाटत असणार, मग आम्हाला आधी कशाला कळवायचे? मी तिच्या बाजूची आहे. बघणाऱ्याला जे अजून ठाऊक नाही ते ऐकणाऱ्यालाही आधी कळता कामा नये. त्याला वेगळी सवलत देणे म्हणजे त्याच्याकडून तो क्षण काढून घेणे होय.

हा वाद योग्य वेळी निघाला, कारण आमच्या चाचणीच्या चित्रपटातही वीज जाण्याचा एक प्रसंग होता आणि तिथे निर्मात्यांकडून सतत वर्णन असावे असा आग्रह होता. चहानंतर मी तो प्रसंग दोन्ही प्रकारे वाचून दाखवला. काका अखेरपर्यंत आपल्या मतावर ठाम राहिले, इतर तिघांनी मोजक्या शब्दांचा मसुदा निवडला. अहवालात मी काकांचे मत जसेच्या तसे नोंदवले, त्याखाली माझी कारणे लिहिली, आणि संहितेत त्या प्रसंगासाठी “दिवे जातात” एवढेच ठेवून पुढची जागा मोकळी सोडली.