पांढऱ्या कळपातलं काळं वासरू

परळच्या व्हेटर्नरी कॉलेजातून शिकून मी आता वेल्समध्ये गुरांचा डॉक्टर आहे. टीबीची चाचणी हे इथलं नेहमीचं काम. मानेवर दोन जागी केस भादरायचे, कातडीची जाडी मोजायची, वर पक्ष्यांच्या टीबीचं आणि खाली गुरांच्या टीबीचं ट्यूबरक्युलिन (टीबीच्या जंतूंपासून काढलेला अर्क) टोचायचं, ७२ तासांनी सूज पाहायला परत जायचं. कंटाळवाणं काम, पण त्या दिवशी कळप व्हाइट पार्क जातीचा होता.

अंग पांढरंशुभ्र, कान, नाकाडं, पापण्या आणि खूर मात्र शाईत बुडवून काढल्यासारखे काळे. गाईंची लांब शिंगं आधी बाहेर जाऊन मग वर वळतात. खोड्यात शिरताना त्या डोकं तिरकं करतात. घाई आपल्यालाच असते.

चाचणी आटोपल्यावर मालक म्हणाले, "डॉक्टर, एक वासरू बघा." पांढऱ्या गाईला एक काळा गोऱ्हा लुचत होता. ४२ दिवसांच्या आतला, म्हणून चाचणीतून सुटलेला. शेजाऱ्याकडे वेल्श ब्लॅक या काळ्या जातीचा वळू होता आणि त्यानेच कुंपण ओलांडलं असणार, अशी गावात चेष्टा चालली होती. मालकांना ती झोंबली होती. पूर्वी स्टॅफर्डशायरच्या चार्टलीतल्या कळपात काळं वासरू जन्मलं की कळपाच्या मालकांच्या, फेरर्स घराण्यात कुणीतरी दगावणार, असं लोक मानत. इथे फक्त अब्रूचा प्रश्न होता.

गाय, वासरू आणि घरचा वळू, तिघांच्याही शेपटीचे केस मुळांसकट उपटून पितृत्वाच्या डीएनए चाचणीला पाठवले. बाप घरचाच निघाला. पांढरा रंग प्रभावी, म्हणजे त्याचं एक जनुक मिळालं तरी वासरू पांढरं. आई आणि बाप दोघांत एकेक काळं जनुक दडलेलं असेल, तर चारांत एक वासरू काळं होऊ शकतं.

मालक मग खुलले. दहाव्या शतकातल्या हवेल द्दा या वेल्श राजाच्या कायद्यात तांबड्या कानांच्या पांढऱ्या गुरांत भरायची भरपाई, जवळच्या दिनेव्हरचा जुना कळप, सगळं सांगून झालं. दुसऱ्या महायुद्धात जर्मन उतरले तर वंश बुडू नये म्हणून काही गुरं अटलांटिकपार पाठवली होती. त्यांची पिलावळ पुढे टेक्सासच्या किंग रँचवर वाढली. तरीही ही जात दुर्मिळच राहिली. वाढ संथ, आणि झटपट वजन हवं असलेल्या बाजाराला संथ जनावर परवडत नाही. आता मात्र त्याच संथपणामुळे मांसात चरबीची बारीक जाळी धरते, म्हणून चोखंदळ खाटीक जास्त दाम मोजतात.

मी खिलारांच्या मुलखातला. आमच्याकडे खिलार बराचसा शर्यतीच्या हौसेवर तगला. व्हाइट पार्क ताटावर तगली आहे. मला हे पचायला वेळ लागला, पण मांसाला गिऱ्हाईक नसतं तर एवढा चारा कुणी घातला नसता, हे खरं.

"याचं काय करणार?" मी विचारलं.

"खच्ची करून बैल. अडीचेक वर्षांनी जेवायला या."

मी बीफ खात नाही, हे सांगायचं राहूनच गेलं. गाय विकणार का, असंही विचारलं. मालकांनी मान हलवली. एवढ्या थोड्या गुरांत दडलेल्या रंगापायी एक गाय काढली, तर तिच्याबरोबर बाकीचं रक्तही जातं. पुढच्या माजाला तिला दुसऱ्या कळपातल्या वळूचं वीर्य भरायचं ठरलं. ते काम माझ्याकडेच आलं.