पाणी पाठीमागून आलं

सहल मूळची मंगळवारची. सगळ्यांना जमेना म्हणून ती अलीकडे ओढून रविवारी घेतली. गाड्या बदलल्या, सामानाची यादी बदलली, पण ओहोटीची वेळ मात्र मंगळवारचीच राहिली. ओहोटी दर दिवशी सरासरी ५० मिनिटं उशिरा येते. त्यामुळे म्होरक्याच्या कागदावर पूर्ण ओहोटी पाऊण वाजता होती, आणि रविवारी खरी ओहोटी ११ वाजून १० मिनिटांनीच होऊन गेली होती. साडेअकराला पोचलो तेव्हा सगळे निवांत, की अजून तासभर पाणी उतरतंय. भरती केव्हाच लागली होती.

किनाऱ्याच्या टोकाला खडकाचं टेकाड आहे आणि त्याच्या पायाशी छोटीशी पुळण. मुख्य किनारा आणि ही पुळण यांच्यामध्ये वाळूचा सखल पट्टा आहे, ओहोटीला तिथं घोट्याएवढं पाणी असतं. चपला अलीकडे काढून ठेवल्या आणि दोन आजी, चार पोरं धरून आम्ही चौदा जण गप्पा मारत पलीकडे गेलो. जागा सुरेख आहे, त्याबद्दल वाद नाही.

भरती एका चालीनं चढत नाही, फसायला होतं ते तिथं. एकूण चढाचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक भाग चढतो, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक, असा दर्यावर्दींचा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे सुरुवातीला पाणी हललंय असंही वाटत नाही, आणि जेवून आडवं व्हायच्या वेळेला ते धाव घेतं.

सगळ्यांचे डोळे समोरच्या लाटांवर होते. पुळण उंच आणि पट्टा सखल, म्हणून पाणी आधी मागच्या बाजूनं भरतं. दीडच्या सुमारास एक पोरगी म्हणाली, "माझी चप्पल इथे कशी आली?" निळी चप्पल पट्ट्यातल्या पाण्यावर गोल फिरत आतल्या बाजूला चालली होती. एक जण उतरून बघतो तर पाणी कमरेला.

मग वादावादी. तरुण मंडळींचं म्हणणं, पोरांना खांद्यावर घेऊ आणि आत्ताच निघू. काकांनी एक काटकी प्रवाहात टाकली. ती चालणाऱ्या माणसाच्या पुढे गेली. "तुझ्या कमरेला आहे ते आजीच्या छातीला लागेल. कोणी उतरायचं नाही." दिवसभरात शहाणपणाचा निर्णय हा एकच झाला, असं माझं मत आहे.

टेकाडावर किती वर चढायचं हे खडकच सांगतो. खालचा भाग काळपट, शेवाळलेला, शिंपल्यांच्या खरपुड्यांनी भरलेला; वरचा कोरडा आणि फिकट. मधली रेघ म्हणजे भरतीची हद्द, पण लाट तिच्यावरही उसळते, म्हणून आणखी दोन माणसांच्या उंचीएवढं वर जाऊन बसलो. मदतीसाठी फोन केला. उत्तर आलं, खडकावर लाटा फुटतायत, होडी टेकणार नाही. सगळे सुरक्षित असाल तर तिथंच थांबा. भरती सव्वापाचच्या सुमारास पूर्ण होणार होती. दीडला जे पाणी कमरेला होतं, ते उतरताना पुन्हा कमरेला यायला रात्रीचे नऊ. हा हिशेब मांडल्यावर बराच वेळ कोणी बोललं नाही.

वाट बघण्यात सांगण्यासारखं काही नाही. ओल्या कपड्यांवर वारा लागून पोरं कुडकुडली, ऊन असूनही. एक सोडून बाकीचे फोन बंद ठेवले. पावणेदहाला गुडघ्याइतकं पाणी झाल्यावर पुढच्यानं काठीनं तळ चाचपत, एकमेकांचे दंड धरून, दोन्ही काठांवर डोकी मोजून आलो.

तुम्ही जाणार असाल तर त्याच तारखेच्या वेळा बघा, आणि बेत हलला की वेळा पुन्हा बघा. ओहोटी पूर्ण व्हायच्या आधी तासभर पलीकडे जा आणि ती पूर्ण होताच परत फिरा. 'अजून थोडं थांबू'ला तिथं जागा नाही. घड्याळ एकाच माणसाच्या जिम्मे द्या, गजर लावून. सगळ्यांवर सोपवलं की कोणीच बघत नाही. पोचल्यावर पट्ट्यातल्या पाण्याच्या कडेला एक काठी रोवा आणि येता-जाता तिच्याकडे बघत राहा. सुका सदरा, शिटी, विजेरी आणि जास्तीचं पाणी सोबत हवंच, मग लोक कितीही हसोत.

आणि गाडीची किल्ली खिशात घालून पाण्यात उतरू नका. आमच्यापैकी एकाची भिजली आणि तिचं बटण चालेना. अशा बऱ्याच किल्ल्यांच्या पोटात धातूची साधी किल्ली दडवलेली असते. छोटी कळ दाबली की ती निघते, आणि तिनं चालकाच्या बाजूचं दार उघडतं. ती कळ कुठे आहे ते घरीच बघून ठेवा. अंधारात, गारठलेल्या बोटांनी ती सापडत नाही.