काडीवरची कोंबडी

टोकियोत याकितोरी, म्हणजे बांबूच्या काडीवर ओवून निखाऱ्यांवर भाजलेली कोंबडी, खायला जायचे असेल, तर टेबलाचा मोह सोडून काउंटरची जागा धरावी. टेबलावर नुसती बशी येते. काउंटरवर बसणाऱ्याला त्या बशीच्या आधीची सगळी खटपट पाहायला मिळते, आणि माझ्या मते या खाण्यातला निम्मा आनंद त्या पाहण्यातच आहे. युराकुचो स्थानकाजवळ रेल्वेच्या विटांच्या कमानींखाली जी दुकाने आहेत, तिथे तर डोक्यावरून गाडी धडधडत जाते, शेजारी बसलेल्या नोकरदाराच्या कोपराला आपले कोपर लागलेले असते आणि दारातल्या लाल कागदी कंदिलापर्यंत धूर पोहोचलेला असतो. बसल्याबरोबर न मागता एक छोटीशी वाटी पुढ्यात येते. ही 'ओतोशी'. तिचे पैसे बिलात लागतात हे नवख्या माणसाला उठताना कळते आणि तो उगीच खट्टू होतो. ते बसल्या जागेचे भाडे समजावे आणि वाटी निमूटपणे संपवावी.

शेगडी लांब आणि अरुंद असते, तिच्यावर जाळी नसते. पुढे-मागे दोन लोखंडी पट्ट्या असतात, त्यांवर बांबूची काडी दोन्ही बाजूंनी टेकते आणि मधले मांस निखाऱ्यांवर अधांतरी राहते. मांस कशालाच चिकटत नाही आणि काडीची मूठ विस्तवाबाहेर राहिल्यामुळे जळत नाही. चांगल्या दुकानात कोळसा 'बिन्चोतान' असतो. वाकायामा भागात उबामे नावाच्या ओकच्या कठीण लाकडापासून तो करतात. शेवटी भट्टीचे तापमान हजार अंशांच्या आसपास नेऊन, लालबुंद कोळसा बाहेर ओढून ओलसर माती-राखेखाली विझवतात. म्हणून त्याच्या अंगावर पांढुरकी राख राहते, आणि दोन तुकडे एकमेकांवर आपटले तर धातूसारखा खणखणीत आवाज येतो. त्याला स्वतःचा धूर जवळजवळ नसतो. दुकानात जो धूर दिसतो तो निखाऱ्यावर ठिबकलेल्या चरबीचा, आणि कोंबडीला जो वास लागतो तोही त्याचाच.

भाजणाऱ्याच्या एका हातात विंझणा असतो आणि दुसऱ्या हाताची बोटे काड्यांवरून सारखी फिरत असतात. नेगिमा, म्हणजे मांडीचे मांस आणि कांद्याच्या पातीसारख्या नेगीचे तुकडे आलटून पालटून ओवलेली काडी, नीट पाहण्यासारखी असते. नेगी लवकर करपते आणि मांसाला वेळ लागतो, पण दोन्ही एकाच काडीवर एकाच वेळी तयार व्हायला हवीत. भाजणारा तापमापक लावत नाही. काडी उचलतो, डोळ्यांजवळ नेतो, पुन्हा ठेवतो, कोपऱ्यातल्या मंद निखाऱ्यांकडे सरकवतो. काडी ओवायला तीन वर्षे आणि भाजायला जन्म, असे या धंद्यात म्हणतात. ओवण्यालाही वेळ लागतो हे वाचताना अतिशयोक्ती वाटते, पण काडी मधोमध गेली नाही तर तुकडा गरगर फिरतो आणि त्याची एकच बाजू भाजली जाते, हे समोर दिसल्यावर त्या तीन वर्षांबद्दल आदर वाटू लागतो.

खाण्याचा पदार्थ मात्र एकच, कोंबडी. आपल्या रश्शात सगळे तुकडे एका मसाल्यात नांदतात आणि भांडण होते ते तंगडीवरून. इथे मान, कातडी, हृदय, पेटा, कलेजी, कुर्चा आणि शेपटीचे टोक, प्रत्येकाला स्वतंत्र नाव आणि स्वतंत्र काडी आहे. या काटकसरीला इतिहास आहे. सम्राट तेन्मूने 675 मध्ये ज्या प्राण्यांचे मांस निषिद्ध ठरवले त्यांत कोंबडीही होती, आणि पुढे मेइजी काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, मांसाहार उजळ माथ्याने सुरू झाला तरी कोंबडी महागच राहिली. गाड्यांवर विकले जाई ते उरलेसुरले आणि आतडी-काळीज. ब्रॉयलर कोंबड्या आल्यावर, म्हणजे 1960च्या दशकात, मांडीचे मांस सामान्य माणसाच्या काडीवर आले. पण तोवर उरल्यासुरल्याची चव लोकांच्या जिभेवर पक्की बसली होती. आज टोकियोतल्या काही याकितोरी दुकानांना मिशेलिनचे तारे आहेत, आणि तिथेही लोक पेट्याची वाट पाहतात.

मसाला म्हणाल तर दोनच पर्याय: 'शिओ', म्हणजे मीठ, किंवा 'तारे', म्हणजे सोया सॉस, मिरिन (स्वयंपाकातली तांदळाची गोड दारू), साके (तांदळाची दारू) आणि साखर यांचा दाट, गोडसर रस. भाजत आलेली काडी रसाच्या मडक्यात बुडवायची, पुन्हा विस्तवावर धरायची, पुन्हा बुडवायची. मडके रिकामे होऊ देत नाहीत, त्यात नवा रस घालत राहतात. कातडी मिठात आणि कलेजी रसात, असे माझे ठाम मत आहे. कुरकुरीत कातडीवर गोड रस ओतणे हा मला अपराध वाटतो. त्या मडक्यात कोंबडीची चरबी रोज मिसळते, म्हणून सोबत शाकाहारी मित्र असेल तर त्याला आधीच सावध करावे. शिताके मशरूम, हिरवी शिशितो मिरची आणि गिंको वृक्षाच्या बिया काडीवर मिळतात, त्या मिठातल्या घ्याव्यात. पण शेगडी तीच असते, तेव्हा कडक व्रताच्या माणसाला दुसरीकडेच न्यावे.

काही वर्षांपूर्वी जपानमध्ये एक गमतीशीर वाद रंगला होता: चारजणांनी एक काडी मागवून तिच्यावरचे तुकडे चॉपस्टिकने सोडवून वाटून घ्यावेत की नाही. तुकडे सोडवले की ते निवतात, रस निघून जातो आणि काडी ओवण्याची मेहनत वाया जाते, असे भाजणाऱ्यांचे म्हणणे. आपल्याकडे 'घे, तू पण चाखून बघ' म्हटल्याशिवाय घास उतरत नाही, त्यामुळे माझे मन वाटणाऱ्यांकडे झुकते, पण बुद्धी भाजणाऱ्यांच्या बाजूची आहे. तडजोड म्हणून सरळ दोन काड्या मागवाव्यात. अडचण येते ती बोन्जिरीपाशी. कोंबडीला शेपटीचे टोक एकच, म्हणजे चार तुकड्यांच्या एका काडीसाठी चार कोंबड्या लागल्या, आणि संध्याकाळी लवकर आलेल्या जाणकारांनी ती आधीच संपवलेली असते. तेव्हा बसल्या बसल्या बिअरच्याही आधी ती मागवावी, आणि एकच उरली आहे असे कळले, तर वाटण्याचा विषय त्या दिवसापुरता काढूच नये.